टोपण ‘कट्ट’ वाजलं म्हणजे पाणी अस्सल?

टोपण फिरवताना ‘कट्ट’ वाजलं की बाटली कंपनीचीच, असं आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलोय. हे अर्धंच खरं आहे.

टोपणाखालची कडी प्लास्टिकच्या बारीक दुव्यांनी जोडलेली असते. पहिल्यांदा फिरवलं की कडी बाटलीच्या गळ्यावरच्या उंचवट्याला अडते, दुवे तुटतात आणि ती गळ्यातच राहते. तिचं काम एवढंच: हे टोपण आधी उघडलं गेलंय का, ते दाखवणं. बाटली पुन्हा भरण्यापासून ती कुणाला अडवत नाही. जुन्या बाटलीवर नवं टोपण बसवलं, तर तेही तसंच वाजणार.

भरणं अडवणारी रचना वेगळी. दारूच्या काही बाटल्यांच्या तोंडात झडप पक्की बसवलेली असते, आत छोटीशी गोळी. बाटली तिरपी केली की गोळी सरकते. उभी ठेवली की तीच वाट बुजवते. धार अडखळत पडते ती त्यामुळेच. ही झडपही अभेद्य नाही, पण भेसळ करणाऱ्याचं काम किचकट करते.

पाण्याच्या साध्या बाटलीत असलं काही नसतं. लेबलवर ‘वापरानंतर बाटली चुरगळा’ छापतात, ते याचसाठी. प्रवासात रिकामी बाटली सीटखाली तशीच सोडू नका, खरंच चुरगळा.