हेडफोन लावूनही खालच्या घरात आवाज का जातो? : इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

किट घरी गेलं की पहिल्या पंधरा दिवसांत आम्हाला हमखास एक फोन येतो. "हेडफोन लावूनच वाजवतोय, स्पीकर जोडलेलासुद्धा नाही, तरी खालच्या काकू वर येऊन गेल्या." आणखी आठवडाभराने त्याच घरातून दुसरा फोन येतो. "स्नेअरचा पॅड गेला वाटतं, हळू मारलं की वाजतच नाही." पॅड गेलेला नसतो. दोन्ही फोन एकाच चुकीतून आलेले असतात, आणि त्यासाठी आमचा माणूस दादरहून विरारपर्यंत जातो, दोन मिनिटांत सेटिंग बदलतो आणि परत येतो. तुमचा रविवार त्याची वाट बघण्यात जातो. म्हणून हे पत्रक.

किटमधून आवाज तीन प्रकारचे निघतात. एक मॉड्यूलमधला, म्हणजे ज्या डब्यात ड्रमचा आवाज तयार होतो त्यातला, जो तुमच्या हेडफोनमध्ये येतो. दुसरा स्टिक पॅडवर पडल्याचा टकटक आवाज, जो तुमच्या खोलीत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये ऐकू येतो. तिसरा पायाचा, म्हणजे किकच्या (पायाने वाजवायच्या ड्रमच्या) पेडलचा धक्का. तो लादीतून स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्यांच्या छतातून बाहेर पडतो. मॉड्यूलवरचं व्हॉल्यूमचं बटण फक्त पहिल्या आवाजापुरतं असतं. बाकीच्या दोघांशी त्याचा थेट संबंध नाही. उलटा संबंध मात्र आहे, आणि घोळ तिथेच होतो.

तक्रार आली की घरात सगळे म्हणतात, आवाज कमी कर. वाजवणारा व्हॉल्यूम उतरवतो. कानात कमी ऐकू येतं, मग हात आपसूक जोरात पडतो. टकटक वाढते. मग तो सेटिंगमध्ये शिरतो आणि सेन्सिटिव्हिटीही खाली आणतो. आता हळू मारलेलं मॉड्यूलला कळतच नाही, म्हणून तो खांद्यापासून मारायला लागतो. इतकं सगळं कमी करूनही घरातला आवाज पहिल्यापेक्षा जास्त झालेला असतो.

पॅडच्या आत साधारण दहाच्या नाण्याएवढी पिएझोची चकती असते. तिला धक्का बसला की ती विजेचा बारीकसा झटका देते, आणि त्या झटक्याला मॉड्यूल 1 ते 127 मधला एक आकडा देतं. तुम्ही किती जोरात मारलं ते मॉड्यूलला या आकड्यावरूनच समजतं. किती धक्क्याला किती आकडा द्यायचा, ते सेन्सिटिव्हिटी ठरवते. त्यामुळे शांत वाजवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटी वाढवायची असते. कमी करायची नसते. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी आमचे निम्मे फोन थांबतील.

करायचं असं. हेडफोन लावा आणि व्हॉल्यूम कानाला सुखावेल इतका ठेवा. स्टिक पॅडपासून वीतभरच उचलून, फक्त मनगटातून, तुमचा सगळ्यात जोरातला फटका मारा. आता सेन्सिटिव्हिटी हळूहळू चढवत न्या. त्या फटक्याला स्क्रीनवरची पट्टी जेमतेम टोकाला टेकली की थांबा. त्यापुढे नेलंत तर सगळे फटके 127 वरच जातील आणि हळू-जोर हा फरकच संपेल. स्नेअर, टॉम, सिम्बल, प्रत्येक पॅडसाठी हे वेगळं करावं लागतं, अर्धा तास जातो. एका फटक्याला दोनदा वाजायला लागलं, किंवा किक मारली की शेजारचा टॉम वाजू लागला, तर थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याहून हलका फटका मॉड्यूल मोजतच नाही ती मर्यादा, एक-दोन आकडे वर घ्या. तो एकदम टोकाला नेऊ नका. "पॅड मेलाय" म्हणून आलेल्या कितीतरी फोनांमध्ये आम्हाला थ्रेशोल्डच शेवटपर्यंत चढवलेला सापडला आहे.

आता पायाचा आवाज. लालबागमध्ये एका चौथ्या मजल्यावरच्या घरून अशीच तक्रार आली होती. मुलाला वाजवत ठेवून आम्ही खाली तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. हायहॅट, स्नेअर काहीच ऐकू येत नव्हतं. पण प्रत्येक किकला मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. त्या माउली दुपारभर ते सोसत होत्या. वर गालिचा होता, त्याखाली फोमच्या चटयाही होत्या. चटईने पेडल घसरत नाही, पण किकचा जाड धक्का तेवढ्या पातळ थराने अडत नाही. त्याला वर वजन लागतं आणि खाली स्प्रिंगसारखं काहीतरी मऊ लागतं.

आम्ही तिथे जे केलं तेच सगळ्यांना सांगतो: 18 मिलिमीटर प्लायवुडचे दोन बोर्ड, खालच्या बोर्डाला गोल भोकं, भोकांत टेनिसचे चेंडू, आणि चेंडूंवर दुसरा बोर्ड. अख्खं किट आणि तुमचं स्टूल, दोन्ही वरच्या बोर्डावर. हा बोर्ड घरी करता येतो, ओळखीचा सुतार असेल तर जरूर करा. आम्हीही मापाप्रमाणे करून देतो, आणि किट कुठे, किती वजनाचं बसणार हे बघूनच चेंडूंची जागा ठरवतो. कुणीही केलात तरी वरचा बोर्ड भिंतीला किंवा कपाटाला चिकटू देऊ नका. एक कोपरा टेकला तरी धक्का तिथून भिंतीत जातो आणि केलेला खर्च वाया जातो.

ड्रम विकताना आम्ही "कितव्या मजल्यावर राहता, खाली कोण आहे, लाकडी तक्तपोशीची चाळ आहे की स्लॅब?" असं विचारतो. काहींना ही नसती चौकशी वाटते. पण तक्तपोशीवर किकसाठी साधा पेडल-बीटर (पेडल दाबलं की पॅडवर आपटणारा दांडा) देणं आम्हाला पटत नाही. तिथे बीटर नसलेलं पेडल घ्या असं आम्ही सांगतो, मग विक्री थोडी लांबली तरी चालेल.

पॅड रबरचे असतील आणि सेन्सिटिव्हिटी नीट लावूनही टकटक त्रास देत असेल, तर मेश म्हणजे जाळीचे पॅड हा खरा उपाय. 1997 मध्ये रोलँडने रेमोबरोबर केलेले मेश पॅड आणले, तेव्हापासून घरात वाजवणाऱ्यांची मोठीच सोय झाली. आधी स्नेअर बदला, बाकीचे जमेल तसे. जुना रबर पॅड चालू असेल तर आम्ही तो परत घेतो. मेश फार ताणू नका, आवाज वाढतो. फार सैलही सोडू नका, स्टिक थेट खालच्या फोमवर आणि सेन्सरवर बसते. टोक चिरलेली स्टिक ताबडतोब टाकून द्या. रबरवर डिंकाने कापड किंवा फोम मात्र चिकटवू नका, तो डिंक पुन्हा निघत नाही.

ऑक्टोपॅडवाल्यांसाठीही हेच. गणपतीआधी महिनाभर रात्री सराव चालतो, तेव्हा स्टँडच्या पायांखाली जाड रबर ठेवा आणि सेन्सिटिव्हिटी वर घ्या.

कानांची काळजी घ्या. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल 8 तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एकच तास. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतलात तर कमी व्हॉल्यूमही पुरतो. रात्री 10 ते सकाळी 6 ही कायद्याने शांततेची वेळ आहेच, पण खालच्या घरात दुपारी दोनला कुणी झोपत असेल तर तेही एकदा जाऊन विचारा.

एवढं करूनही अडलं तर फोन करण्याआधी त्या पॅडच्या सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. बहुतेक वेळा फोटो बघूनच सांगता येतं, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. माणूस घरी आला तर मात्र येण्याजाण्याचा खर्च लागतो, आणि दोष सेन्सरचा किंवा केबलचा निघाला तर तो दुरुस्तीच्या बिलातून वजा होतो.