सूर्यनिरीक्षक यानांचे आकाशातील स्थाननिर्धारण

सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेले यान एखाद्या ठिकाणाहून पाहता दिलेल्या क्षणी आकाशात नेमके कोठे आहे, हे रेडिओवेध व गणित यांच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीतील स्थलसापेक्ष उदाहरणे बेळगावची (सुमारे 15.85° उत्तर अक्षांश, 74.5° पूर्व रेखांश) असून खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील गावांनाही ती किरकोळ फरकाने लागू पडतात. ही याने अतिशय अंधुक आणि बहुतेक वेळी सूर्यतेजाच्या परिसरात असल्याने हौशी दुर्बिणीतून दिसत नाहीत. त्यामुळे येथे ‘स्थान’ म्हणजे पाहिलेले नव्हे, तर गणिताने काढलेले स्थान होय.

यांपैकी अनेक याने पृथ्वी-सूर्य रेषेवर, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे 15 लाख किमी. अंतरावरील एल-1 या संतुलनबिंदूभोवती (जेथे ठेवलेले यान पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरत राहते) फिरतात. हा बिंदू गणितज्ञ लाग्रांज यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यांचा त्रिपिंड समस्येवरील (परस्परांना आकर्षणाऱ्या तीन पिंडांच्या गतीवरील) निबंध 1772 सालचा आहे. तथापि अशा पाच बिंदूंपैकी एका रेषेतील तिन्ही बिंदूंचे गणित गणितज्ञ ऑयलर यांनी त्यापूर्वीच, 1760 च्या दशकात, केले होते. लाग्रांज यांची खास भर सूर्य व पृथ्वी यांच्याशी समभुज त्रिकोण करणाऱ्या उरलेल्या दोन बिंदूंची आहे. एल-1 पुरते श्रेय ऑयलर यांच्याकडे जाणेच अधिक सयुक्तिक दिसते, मात्र संदर्भग्रंथांत रूढ नावच चालू आहे. या बिंदूभोवती यान फिरवण्याची कल्पना रॉबर्ट फार्कर यांनी 1960 च्या दशकात विकसित केली व आयसी-3 हे 1978 साली सोडलेले यान तेथे पोहोचणारे पहिले ठरले.

यान बिंदूवरच उभे न करता भोवती फिरवण्याचे एक प्रमुख कारण वेधाशीच निगडित आहे. एल-1 पृथ्वीवरून बरोबर सूर्यबिंबासमोर दिसतो आणि तेथून येणारा क्षीण संदेश सूर्याच्या रेडिओगोंगाटात बुडून जातो. 1995 साली सोडलेल्या सोहो यानाची प्रभामंडल कक्षा (संतुलनबिंदूभोवतीचा वळसा) आडवी सुमारे 6.7 लाख किमी. व उभी सुमारे 1.2 लाख किमी. (दोन्ही अर्धव्याप्ती) आहे. म्हणजे पृथ्वीवरून ते सूर्याभोवती लांबट वळसा घेताना दिसावे, क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या) दिशेने सुमारे 25 अंशांपर्यंत आणि त्याला लंब दिशेने साडेचार अंशांच्या आसपास. 2 सप्टेंबर 2023 रोजी सोडलेले व 6 जानेवारी 2024 रोजी कक्षेत स्थिरावलेले भारताचे आदित्य-एल1 असाच एक वळसा सुमारे 178 दिवसांत पूर्ण करते. परिणामी बेळगावच्या क्षितिजावर असे यान काही आठवडे सूर्याच्या आधी, तर काही आठवडे सूर्यानंतर उगवते. हे अंतर जास्तीत जास्त दीड तासाहून थोडे अधिक असते. मे महिन्याच्या आरंभी व ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य बेळगावच्या डोक्यावर येतो, तेव्हा यानही माथ्याच्या परिसरातच असते. स्थानिक मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेने साधारण साडेबाराला होते, ही दुरुस्ती नवशिक्याच्या गणितात हटकून राहून जाते.

याहून सूक्ष्म प्रश्न लंबनाचा, म्हणजे पाहण्याची जागा बदलल्याने दिशेत पडणाऱ्या फरकाचा, आहे. सूर्याचे क्षितिजलंबन (क्षितिजावर असतानाचे लंबन) केवळ 8.8 विकला (विकला म्हणजे कलेचा व कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असल्याने पंचांगकर्ते ते बहुधा सोडून देतात. एल-1 वरील यानाचे मात्र सुमारे 15 कला, म्हणजे सूर्यबिंबाच्या जवळजवळ निम्म्या व्यासाइतके भरते. भूकेंद्रीय (पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेल्या स्थानांच्या) कोष्टकातील अंक तसेच वापरल्यास क्षितिजाजवळ पाव अंशाची चूक होते. बंगळूरनजीकच्या ब्यालाळू येथील 32 मीटर व्यासाच्या अँटेनाची एक्स या रेडिओपट्ट्यातील शलाका (संदेश टिपण्याचा झोत) अंशाच्या दहाव्या भागाहूनही अरुंद असल्याने तिला ही चूक परवडणारी नाही. ब्यालाळू व बेळगाव यांतील साडेचारशे किमी. अंतरामुळेही दिशेत सुमारे एक कलेचा फरक पडू शकतो.

दिशा, देश (स्थळ) व काल यांची सांगड घालण्याचा हा प्रकार जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (1150) त्यासाठी ‘त्रिप्रश्न’ हा स्वतंत्र अधिकार (प्रकरण) आहे. त्यांचे गाव ‘विज्जलविड’ म्हणजे विजापूर असे काही अभ्यासक मानतात, परंतु ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचा आचार्यांचाच उल्लेख व चाळीसगावजवळील पाटणचा शिलालेख पाहता खानदेशाचा पक्ष बळकट वाटतो. अलीकडच्या काळात नरगुंद येथे जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर (1854–1930) यांनी प्रत्यक्ष वेधाशी जुळणाऱ्या ग्रहगणिताचा पुरस्कार केला.

यानाचे अंतर संदेशाच्या जाण्यायेण्याच्या काळावरून मिळते (एल-1 पासून एका दिशेने सुमारे 5 सेकंद) आणि दृष्टिरेषेतील वेग डॉप्लर परिणामावरून (गतीमुळे लहरींच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून). आडव्या दिशेतील स्थान त्यामानाने दुर्बळ राहते. ते पृथ्वीच्या परिवलनामुळे संदेशात होणाऱ्या बदलांतून, किंवा दोन दूरस्थ केंद्रांनी यान व एखादा क्वासार (अतिदूरचा, आकाशात स्थिर भासणारा रेडिओस्रोत) यांची आळीपाळीने तुलना करून पक्के केले जाते. संदेशच बंद पडला तर ही सारी साखळी तुटते. 25 जून 1998 रोजी सोहोशी संपर्क तुटल्यावर 23 जुलै रोजी प्वेर्त रीकोमधील अरेसिबोच्या 305 मीटर रेडिओ दुर्बिणीने रडारलहरी सोडल्या व कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या 70 मीटर अँटेनाने त्यांचा प्रतिध्वनी टिपला. यान अपेक्षित जागेच्या जवळच, मंद गतीने स्वतःभोवती फिरत असल्याचे आढळले आणि 3 ऑगस्टला त्याची वाहक लहर (संदेश वाहून नेणारी मूळ रेडिओलहर) पुन्हा मिळाली.

सूर्याभोवती स्वतंत्र कक्षेत फिरणाऱ्या यानांना, उदा., पार्कर (2018) व सोलर ऑर्बिटर (2020), वरील पंचवीस अंशांची मर्यादा लागू नाही. त्यांची स्थाने ग्रहांप्रमाणे प्रत्येक वेळी नव्याने काढावी लागतात. 24 डिसेंबर 2024 रोजी पार्कर सूर्यपृष्ठापासून सुमारे 61 लाख किमी. वरून गेले, तेव्हा त्याच्याशी संपर्क नव्हता. त्या अवधीतील त्याचे स्थान केवळ गणितावरून सांगितले जात होते.