काचेचा कडा

एखादी संस्था, पक्ष किंवा कंपनी संकटात असताना, अपयशाची शक्यता नेहमीपेक्षा मोठी असताना तिची सूत्रे स्त्रीकडे सोपवली जाण्याच्या प्रवृत्तीला ‘काचेचा कडा’ म्हणतात. ‘ग्लास क्लिफ’ या संज्ञेचे हे सरळ मराठी रूप. तिच्या आधीची ‘ग्लास सीलिंग’, म्हणजे ‘काचेचे छत’, ही संज्ञा १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. छत स्त्रीला वर जाऊ देत नाही. कड्यावर ती पोचते, पण पायाखाली दरी असते आणि ती लांबून दिसत नाही. मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द ‘काटेरी मुकुट’; पण तो कोणाच्याही डोक्यावर बसू शकतो. ‘कडेलोट’ अधिक चपखल वाटला असता, मात्र त्यात ढकलणारा कोणीतरी असतो. इथे बहुधा कोणीच ढकलत नाही, आणि म्हणूनच हा विषय अवघड आहे.

संज्ञेचा जन्म एका वर्तमानपत्री लेखातून झाला. ज्या ब्रिटिश कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्त्रिया आहेत, त्यांच्या शेअरची कामगिरी खराब आहे. सबब स्त्रिया कंपन्यांचे नुकसान करतात, असा सूर लंडनच्या ‘द टाइम्स’ने २००३ साली लावला. एक्सेटर विद्यापीठातील मिशेल रायन आणि ॲलेक्स हास्लम या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न उलटा करून विचारला : आधी काय घडले, नेमणूक की घसरण? लंडन शेअर बाजारातल्या शंभर बड्या कंपन्यांच्या नेमणुका त्यांनी महिनावार तपासल्या. बाजार पडता असताना ज्या कंपन्यांनी स्त्री संचालक नेमली, त्यांची कामगिरी नेमणुकीच्या आधीच्या पाच महिन्यांत सातत्याने वाईट होती, असे त्यांना आढळले. म्हणजे घर आधी पेटले होते. पाण्याची बादली घेऊन आलेल्या बाईवर आग लावल्याचा ठपका ठेवला गेला. हा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला.

राजकारणातले सर्वांत ठळक उदाहरण कॅनडाचे. १९८८च्या निवडणुकीत तिथल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २९५ पैकी १६९ जागा जिंकल्या होत्या. पाच वर्षांत पंतप्रधान ब्रायन मल्रूनी कमालीचे अप्रिय झाले : नवा वस्तू-सेवा कर लोकांना डाचत होता, घटनादुरुस्तीचे दोन प्रयत्न फसले होते. क्वेबेकमध्ये आणि पश्चिमेकडच्या प्रांतांत पक्षाचा मतदार नव्या पक्षांकडे निघाला होता. निवडणूक तोंडावर आली असताना मल्रूनी बाजूला झाले आणि जून १९९३मध्ये किम कॅम्पबेल देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. उन्हाळाभर त्यांची लोकप्रियता चांगली होती. ऑक्टोबरमध्ये मतदान झाले आणि पक्षाच्या हाती २ जागा उरल्या. कॅम्पबेल स्वतःच्या मतदारसंघातही हरल्या. प्रचारात चुका झाल्या हे खरे. प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यातील व्यंगाकडे बोट दाखवणारी एक जाहिरात पक्षाच्या चांगलीच अंगाशी आली. पण १६९वरून २वर यायला एक जाहिरात पुरत नाही. चार-साडेचार महिन्यांच्या कारकिर्दीच्या खात्यावर नऊ वर्षांचा हिशेब लागला.

ब्रिटनमध्ये २४ जून २०१६च्या सकाळी, युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल लागताच, डेव्हिड कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला. बाहेर पडण्याच्या मोहिमेचा चेहरा असलेले बोरिस जॉन्सन आठवड्याभरात पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून बाहेर गेले. शेवटच्या फेरीत उरल्या त्या दोघी स्त्रिया. त्यांतील अँड्रिया लेडसम यांनीही माघार घेतली आणि थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. स्वतः त्या संघात राहण्याच्या बाजूच्या होत्या. जानेवारी २०१९मध्ये संघातून बाहेर पडण्याचा त्यांचा करार संसदेने २३० मतांच्या फरकाने फेटाळला, त्यानंतर आणखी दोनदा. त्या गेल्यावर पद मिळाले ते जॉन्सन यांनाच. आइसलँडमध्ये २००८च्या ऑक्टोबरात तीन मोठ्या बँका कोसळल्या. पुढच्या फेब्रुवारीत योहाना सिगुर्दारदोत्तिर देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या.

श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके (१९६०) किंवा फिलिपिन्सच्या कोराझोन अकिनो (१९८६) यांना काही लेखक याच यादीत बसवतात. पतीची हत्या आणि त्यानंतर चालून आलेला वारसा हा वेगळाच मार्ग आहे. तो इथे मिसळू नये.

उद्योगजगतात झेरॉक्स या अमेरिकी कंपनीची कथा थोडी निराळी. तिथे विक्री प्रतिनिधी म्हणून १९७६ साली लागलेल्या ॲन मल्केही यांना कोणी सर्वोच्च पदासाठी घडवले नव्हते. बाहेरून आणलेले प्रमुख तेरा महिन्यांत गेले आणि कंपनीवर सुमारे १७ अब्ज डॉलरचे कर्ज असताना, हिशेबांची सरकारी चौकशी चालू असताना, मल्केही पुढे आणल्या गेल्या. आपला धंद्याचा साचा टिकणारा नाही, असे त्यांनी उघडपणे सांगितले. शेअर लगेच गडगडला. दिवाळखोरी जाहीर करण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. वित्ताचे शिक्षण नसल्याने ताळेबंद वाचायला त्या कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याकडून शिकल्या. कंपनी वाचली.

जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीत मेरी बारा जानेवारी २०१४मध्ये प्रमुख झाल्या आणि महिन्याभरात मोटारी परत बोलवाव्या लागल्या. दोष होता किल्लीच्या स्विचमध्ये. जड जुडग्याने किल्ली फिरायची, धावत्या गाडीचे इंजिन बंद पडायचे आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या काही जणांना हे सुमारे दशकभर माहीत होते. अमेरिकी संसदेसमोर उत्तरे द्यायला मात्र उभ्या राहिल्या बारा.

असे का घडते याची तीन-चार कारणे दिली जातात. संकटात माणसे सांभाळणारे, सबुरीचे नेतृत्व हवे आणि ते स्त्रीला जमते, ही समजूत एक. दुसरे, नवा चेहरा दिला की काहीतरी बदलले असा संदेश गुंतवणूकदारांना किंवा मतदारांना जातो. काम तेच राहिले तरी. तिसरे कारण मला सर्वांत पटण्यासारखे वाटते : ज्याला पुढे दुसरी संधी मिळणार आहे तो धोक्याचे पद नाकारू शकतो, आणि त्याच्या वर्तुळात त्याला सावध करणारे मित्रही असतात. जिला अशी संधी बहुधा एकदाच येते, ती नाही म्हणत नाही. नंतर काय होते, याचा माग ॲलिसन कुक आणि क्रिस्टी ग्लास या संशोधकांनी अमेरिकी कंपन्यांत घेतला. स्त्री किंवा अल्पसंख्याक प्रमुखाच्या काळात कामगिरी घसरली, की बदली म्हणून बहुधा गोरा पुरुष आणला जातो. याला त्यांनी ‘तारणहार परिणाम’ म्हटले.

आक्षेपही आहेत आणि ते पोकळ नाहीत. अमेरिकी कंपन्यांच्या प्रमुखपदांवरील २००९च्या एका अभ्यासात असा कडा सापडलाच नाही. शेअरच्या भावावरून मोजले तर परिणाम दिसतो, ताळेबंदातल्या नफ्यावरून मोजले तर दिसत नाही, हेही हास्लम आणि सहकाऱ्यांनीच पुढे दाखवले. म्हणजे प्रश्न बाजाराच्या धारणेचा असू शकतो. गाजलेली उदाहरणे निवडून सिद्धान्त उभा करण्याचा मोहही मोठा आहे : संकटात नेमलेले पुरुष कोणी मोजत नाही.

प्रयोगांतून आलेला एक निष्कर्ष मात्र लक्ष वेधतो. बुडत्या कंपनीसाठी प्रमुख निवडा असे सांगितल्यावर सहभागींचा कल स्त्री उमेदवाराकडे गेला, तो आधीचे प्रमुख पुरुष असतील तेव्हाच. आधी स्त्रियाच प्रमुख होत्या असे सांगितले, तर तो कल नाहीसा झाला. झेरॉक्समध्ये २००९ साली मल्केही यांनी सूत्रे अर्सुला बर्न्स यांच्याकडे दिली. अमेरिकेतील ५०० बड्या कंपन्यांच्या यादीत एका स्त्रीनंतर दुसरी स्त्री प्रमुख होण्याची ती पहिलीच वेळ होती.