आरियागा, मानुएल द

आरियागा, मानुएल द : (८ जुलै १८४० – ५ मार्च १९१७). पोर्तुगीज प्रजासत्ताकाचे पहिले निर्वाचित राष्ट्राध्यक्ष (१९११–१५), वकील, वक्ते व कवी. जन्म अझोर्स द्वीपसमूहातील फायाल बेटावर, एका जुन्या खानदानी घराण्यात. कोइंब्रा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असताना ते प्रजासत्ताकवादी झाले. वडील कट्टर राजनिष्ठ होते. त्यांनी मुलाशी संबंध तोडून पैसे पाठवणे बंद केले. आरियागांनी इंग्रजीच्या शिकवण्या करून स्वतःचे व धाकट्या भावाचे शिक्षण पुरे केले. पुढे लिस्बनमध्ये त्यांनी वकिलीत नाव मिळवले. १८८२मध्ये मदेइरा बेटावरील फुंशाल येथून ते प्रजासत्ताक पक्षातर्फे संसदेवर निवडून आले. ब्रिटनने आफ्रिकेतील प्रदेशांवरून १८९०मध्ये पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला, तेव्हा त्याविरुद्धच्या निदर्शनांत त्यांना अटक झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत पक्षाची सूत्रे हळूहळू तरुण पिढीकडे गेली. आरियागांबद्दलचा आदर टिकला, पण प्रत्यक्ष निर्णयांतील त्यांचा वाटा कमी होत गेला. राजेशाही उलथवणाऱ्या ५ ऑक्टोबर १९१०च्या क्रांतीनंतर हंगामी सरकारने त्यांना कोइंब्रा विद्यापीठाचे प्रमुख नेमले.

‘पहिले राष्ट्राध्यक्ष’ कोण, याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. क्रांतीच्या दिवसापासून २४ ऑगस्ट १९११पर्यंत तेओफिलो ब्रागा हे हंगामी सरकारचे अध्यक्ष होते. या काळात राज्यप्रमुखाचे वेगळे पद अस्तित्वातच नसल्यामुळे राज्यप्रमुखाचे कामही ओघाने त्यांच्याकडे आले, आणि म्हणून काही याद्या त्यांच्यापासून सुरू होतात. पुढे मे १९१५मध्ये ब्रागा रीतसर राष्ट्राध्यक्ष निवडले गेले. त्यामुळे अशा याद्यांत त्यांचे नाव दोनदा येते व घोटाळा वाढतो. दुसरा पक्ष असा, की ब्रागा यांचे पद मंत्रिमंडळाच्या प्रमुखाचे होते. संविधान सभेने १९११च्या उन्हाळ्यात संविधान मंजूर करून त्याखाली निवड केल्यावरच राष्ट्राध्यक्षपद निर्माण झाले. ब्रिटनने नव्या राजवटीला मान्यता दिली तीही या निवडीनंतर, सप्टेंबर १९११मध्ये. पदाचा उगम संविधानात शोधणारा हा दुसरा पक्षच अधिक ग्राह्य दिसतो, आणि पोर्तुगालमधील अधिकृत गणनाही आरियागांपासूनच होते.

निवडीमागे पक्षांतर्गत चुरस होती. अफोन्सो कोस्ता यांच्या जहाल गटाने बर्नार्दिनो मशादो यांना पुढे केले. अंतोनियो जुझे द आल्मेदा व ब्रितो कामाशो यांच्या मवाळ गटांनी ७१ वर्षांच्या आरियागांना पाठिंबा दिला. आरियागांना १२१ व मशादो यांना ८६ मते पडली. थोड्याच काळात मूळ पक्ष फुटून तीन पक्ष झाले.

१९११च्या संविधानाने राष्ट्राध्यक्षाचे हात चांगलेच बांधले होते. त्याची निवड संसदेची दोन्ही सभागृहे चार वर्षांसाठी करत आणि लागोपाठ दुसऱ्यांदा त्याला निवडता येत नसे. दोनतृतीयांश मतांनी संसद त्याला काढूनही टाकू शके. संसद विसर्जित करण्याचा अधिकार त्याला नव्हता. विधेयकावर पंधरा दिवसांत सही झाली नाही, तर त्याचे मौन हीच संमती धरली जाई. म्हणजे नकाराधिकारही नव्हता. राजेशाही थाटाचा तिटकारा इतका होता, की राष्ट्राच्या मालकीची कोणतीही वास्तू राष्ट्राध्यक्षाच्या वा त्याच्या कुटुंबीयांच्या खाजगी सोयीसाठी वापरू नये, असे स्वतंत्र कलमच घातले गेले. त्यामुळे आरियागांना राहत्या जागेचे भाडे स्वतःच्या मानधनातून भरावे लागे. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही चौकट नजरेआड करणे अन्यायाचे ठरेल.

मंत्रिमंडळे वरचेवर बदलत होती. पाइवा कोसेइरो यांच्या नेतृत्वाखाली राजनिष्ठांनी १९११ व १९१२मध्ये उत्तरेकडून चढाया केल्या. २० एप्रिल १९११च्या कायद्याने धर्मसंस्था राज्यापासून वेगळी केल्याने कॅथलिक समाज दुखावला होता. जानेवारी १९१४मध्ये आरियागांनी पक्षनेत्यांना पत्र लिहून पक्षातीत मंत्रिमंडळ, राजकीय कैद्यांना माफी आणि त्या कायद्याची फेरतपासणी सुचवली. कोस्ता यांचे मंत्रिमंडळ गेले, मशादो यांचे आले आणि माफीही दिली गेली. आरियागांच्या समेटाच्या धोरणाला मिळालेले हे सर्वांत ठोस यश होय.

महायुद्धात उतरावे की नाही यावरून फूट वाढली. जानेवारी १९१५मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या निषेधानंतर आरियागांनी आपले जुने स्नेही जनरल पिमेन्ता द कास्त्रो यांच्याकडे सरकार सोपवले. ४ मार्चला संसदेचे दार सैनिकांकरवी बंद ठेवण्यात आले. लोकप्रतिनिधींनी लिस्बनबाहेरील मित्रा राजवाड्यात बैठक घेऊन राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान दोघांनाही कायद्याबाहेरचे ठरवले. १४ मेच्या रक्तरंजित उठावाने हे सरकार कोसळले आणि २६ मे रोजी आरियागांनी राजीनामा दिला. काही लेखक यात हुकूमशाहीला दिलेली मूक संमती पाहतात. काहींच्या मते तो यादवी टाळण्याचा थकलेला प्रयत्न होता. त्यांचा १९१४चा पत्रव्यवहार पाहता दुसरे मत सत्याच्या जवळ वाटते, मात्र संसद रोखली गेल्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

गोव्याशी त्यांचा संबंध अप्रत्यक्ष आहे. प्रजासत्ताकामुळे तेथील हिंदूंना कायद्यापुढे समान दर्जा मिळाला आणि सरकारी नोकऱ्यांची दारे उघडली. हे श्रेय मुख्यतः हंगामी सरकारच्या निर्णयांचे. १९१०चे विवाह व घटस्फोटविषयक कायदेही त्याच काळातले असून त्यांचा ठसा गोव्याच्या कुटुंबकायद्यावर आजही आहे. या नव्या मोकळिकीत मराठी शिक्षण व वृत्तपत्रांना जोर चढला. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे पत्र १९१२मध्ये, आरियागांच्याच कारकिर्दीत निघाले. फोंड्यातील शाळेला आल्मेदा यांचे नाव देण्यात आले, यावरून गोवेकर हिंदूंचा प्रजासत्ताकाबद्दलचा उत्साह कळतो. १९१२मध्येच गोव्यातील सत्तरी भागात राणे घराण्याचा अखेरचा उठाव झाला.

निवृत्तीनंतर आरियागांनी १९१६मध्ये आपल्या कारकिर्दीचे समर्थन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. लिस्बन येथे त्यांचे निधन झाले. २००४मध्ये त्यांचे अवशेष तेथील राष्ट्रीय स्मारकमंदिरात हलवण्यात आले.