करंगळी बधिर होते? आधी सीट बघा

नवी रोड बाइक, म्हणजे पुढे वाकून चालवायची वेगवान सायकल, घेतलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. तासभर चालवली की करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. मग जाड हातमोजे येतात, हँडलवर मऊ टेप चढते. पैसे जातात, मुंग्या तशाच राहतात.

या दोन बोटांची संवेदना अल्नर नावाच्या नसेकडे असते. कोपर कुठे आपटलं की हातभर झिणझिण्या आणते तीच ही. मनगटाशी ती करंगळीच्या बाजूने एका अरुंद वाटेतून तळहातात शिरते आणि तिथे ती बरीच उघड्यावर असते. हँडलवर टेकलेला भार नेमका तिथेच बसतो. अंगठा आणि तर्जनी बधिर होत असतील, तर दाब मधल्या, म्हणजे मीडियन नसेवर आहे असं समजा.

पण हातांवर एवढा भार येतोच का? भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं राहा आणि पायाची बोटं धरायला वाका. तोल जातो. एरवी वाकताना नितंब आपोआप मागे सरकतात आणि तोल सांभाळतात. इथे भिंत त्यांना सरकू देत नाही. रोड बाइकवर धड वाकलेलंच असतं. हँडल लांब वाटतंय म्हणून नवखा माणूस सीट पुढे ढकलतो. नितंब पावलांच्या जवळ येतात, मागचा तोल कमी होतो आणि धड सावरायचं काम हातांवर पडतं. हँडल जवळ येतं, हात मात्र जास्तच दुखतात.

म्हणून सुरुवात सीटच्या उंचीपासून करावी. अनवाणी उभं राहून एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर घट्ट धरा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला 0.883 ने गुणा. 78 सेंटिमीटर आलं, तर क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 68.9 सेंटिमीटर हवेत. हे गणित फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांचं. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्यामुळे ते जगभर पोचलं. सुरुवातीला ते पुरेसं आहे, पण शेवटी गुडघ्याचं ऐकावं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखला किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलली, तर वर आहे.

मग सीटचा उतार. मोबाइलमधलं उतार दाखवणारं लेव्हल ॲप उघडून तो सीटवर ठेवून बघा. पुढचं टोक खाली झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरत असता आणि हात ब्रेकसारखे तुम्हाला थोपवत असतात. टोक फार वर असेल तर बधिरपणा वेगळ्याच, जास्त नाजूक जागी येतो. साधारण सपाट ठेवून मग सीट थोडी मागे न्या. मागे नेली की पेडलपर्यंतचं अंतर वाढतं, तेव्हा उंची पुन्हा तपासा. एका वेळी एकच बदल, तोही तीन-चार मिलिमीटरचा. सगळं एकदम हलवलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

एवढं करूनही हँडल लांबच वाटलं तर आखूड स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, लावून घ्यावा. कार्बनचे भाग असतील तर बोल्ट अंदाजाने आवळू नका; त्या भागावर छापलेल्या आकड्याइतकाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, द्यावा, नाहीतर चीर जाते.

टायरमध्ये ठासून हवा भरायची सवय मात्र आजच सोडा. बाजूला लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. खडबडीत डांबरावर कडक टायर उडत जातो, सगळे धक्के तळहातात येतात आणि वेगही वाढत नाही.

दुसऱ्या दिवशीही मुंग्या राहिल्या किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळली, तर अॅलन की, म्हणजे बोल्ट फिरवायची षटकोनी चावी, बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.