सुंठ होती, भट्टी नव्हती

डिसेंबर लागला की साताऱ्याच्या मंडईत ओल्या आल्याचे ढीग दिसायला लागतात. कोरेगाव, सातारा, कराड या पट्ट्यात अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेलं आलं तोवर चांगलं पोसलेलं असतं. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या दोन-चार घरांतून अलीकडे सुंठ, दालचिनी आणि तापलेल्या गुळाचा वास येतो. डिंकाचे लाडू म्हणावेत तर तसा नाही. ओटीजीत, म्हणजे विजेवरच्या छोट्या भट्टीत, जिंजर कुकी भाजायला ठेवलेल्या असतात. मोबाईलवर बघून आणलेलं परदेशी खूळ, असं शेजारच्या काकू म्हणतात. खूळ असेल, पण त्यातलं परदेशी नेमकं किती, हे धुंडाळायला बसलं तर हिशेब भलतीकडेच जातो.

ज्या देशांत ही नाताळची मसालेदार बिस्किटं जन्मली, तिथे त्यातल्या मसाल्याचं एकही झाड उगवत नव्हतं. मिरी आणि सुंठ मलबारातून जायची, दालचिनी सिंहलद्वीपातून, लवंग आणि जायफळ तर त्याच्याही पलीकडच्या, आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून. अरब व्यापाऱ्यांच्या हातून व्हेनिस, तिथून आल्प्स ओलांडून जर्मनी, असा तो प्रवास. न्यूरेंबर्ग हे शहर त्या वाटांच्या नाक्यावर होतं आणि शेजारच्या राखीव जंगलात मधमाश्या पाळणारी वस्ती होती. मध हाताशी, मसाला दाराशी. तिथे 'लेबकूखन' हे मध-मसाल्याचं बिस्किट भाजणाऱ्या कारागिराची नोंद १३९५ सालापासून सापडते आणि १६४३ मध्ये त्या कारागिरांना स्वतःचा वेगळा संघ मिळाला. साखर तेव्हा औषधासारखी मोजून वापरायची चीज होती, म्हणून गोडव्याला मध.

मसाला नाताळातच का, याचं एक कारण अर्थातच किंमत. वर्षाच्या सणालाच परवडायचं. दुसरं कारण आपल्याला लगेच पटेल असं आहे. त्या काळच्या युरोपातलं वैद्यकही पदार्थांना उष्ण आणि थंड अशाच खुणा लावत असे. सुंठ, मिरी, लवंग उष्ण, तेव्हा ती थंडीत खावीत, पचनाला बरी. आपली आजी बाळंतिणीच्या लाडवात सुंठ घालताना जे सांगायची तेच. शिवाय मध आणि मसाला घातलेलं बिस्किट महिनोन्‌महिने टिकायचं. स्वीडनमध्ये आजही या बिस्किटांना 'पेपरकाकोर', म्हणजे मिऱ्याची बिस्किटं म्हणतात. आत मिरी असेलच असं नाही. जुन्या काळी दूरदेशचा कुठलाही मसाला तिकडे मिरी याच नावानं ओळखला जायचा.

पुढे डच आले आणि गोष्ट आपल्या किनाऱ्याजवळ सरकली. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी त्यांनी बांदा बेटांवर जी कत्तल केली, ती वाचल्यापासून सहाणेवर जायफळ उगाळताना हात क्षणभर थांबतो. याच डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे अवशेष अजून उभे आहेत. सुरतेतही त्यांची वखार होती. मायदेशी त्यांच्या घराघरांत मसाला स्वस्त होत गेला आणि ५ डिसेंबरला, संत निकोलसच्या आदल्या संध्याकाळी, लाकडी साच्यात दाबून काढलेलं 'स्पेक्युलास' हे बिस्किट रुळलं. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, कधी वेलदोडाही. त्यांच्या भाषेत छोट्या केकला 'कूक्ये' म्हणतात. डच वसाहतीबरोबर तो शब्द अमेरिकेत गेला आणि तिथे त्याची 'कुकी' झाली.

अमेरिकेत १७९६ साली छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात नाताळच्या कुकीची कृती आहे आणि ती माझी फार आवडती आहे. त्यात ना सुंठ, ना दालचिनी. मसाला एकच, धणेपूड! तीन पौंड पिठाला चहाचा कपभर. फुगण्यासाठी राखेपासून काढलेला खार, म्हणजे आपल्या पापडखाराचा चुलतभाऊ. आणि शेवटी सूचना अशी की ही बिस्किटं आधी कडक लागतील, पण मातीच्या भांड्यात घालून ओलसर खोलीत ठेवली तर सहा महिन्यांनी मऊ आणि जास्त चांगली होतील. माझं माहेर सांगलीचं. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं पुरून ठेवलेली ऐकत मोठी झाले, त्यामुळे मला या सूचनेचं नवल वाटलं नाही. घरातल्या बाकीच्यांना मात्र सहा महिन्यांचं बिस्किट ही कल्पनाच सहन झाली नाही.

आता आपल्याकडे वळू. साताऱ्या-सांगलीच्या घरात सुंठ होती, जायफळ होतं, धणे होते, कणीक आणि तूप होतं, आणि गूळ तर दारातच पिकत होता. जिंजर कुकीत इंग्रज-अमेरिकन बायका जो ट्रीकल किंवा मोलॅसिस घालतात, त्याला आपल्याकडे मळी म्हणतात. पण मळी म्हटलं की सांगलीकराला साखर कारखान्याच्या मागचा वास आठवतो, म्हणून तो शब्द स्वयंपाकघरात नको. गुऱ्हाळावरची काकवी मात्र त्या जागी चपखल बसते. तिच्यातला किंचित आंबटपणा खायच्या सोड्याला जागा करतो आणि बिस्किट वर उचललं जातं. म्हणजे सामान सगळं होतं. नव्हती ती भट्टी. आपला स्वयंपाक तवा, कढई आणि पातेल्याचा. फार तर वर-खाली निखारे ठेवून एखादा पदार्थ भाजायचा. युरोपात नेमकं उलटं. गावोगाव पावाची भट्टी पेटलेली आणि मसाल्यासाठी अर्धी पृथ्वी पालथी घालायची.

भट्टी इथे आली ती पावाबरोबर, आणि पाव म्हणजे धर्म बुडवणारी वस्तू अशी पक्की समजूत होती. ताडीनं पीठ आंबवतात, परधर्मीयाच्या हाताचा असतो, खाल्ला की माणूस बाटला. ही भीती किती खोल होती याचा पुरावा म्हणजे परमहंस सभा. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी १८४९ मध्ये मुंबईत काढलेल्या या गुप्त सभेत शिरताना सभासदाला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. जातिभेद मोडण्याची शपथ पावाच्या एका तुकड्यावर! एका तुकड्याला एवढं वजन होतं, तर भट्टी घराघरांत कशी शिरणार?

ती शिरली नानकटाईच्या आडून. सुरतेत सांगतात की डचांनी गाशा गुंडाळताना आपली बेकरी दोटीवाला नावाच्या पारशी कारागिराच्या हवाली केली. गिऱ्हाईक गोरं होतं ते गेलं, ताडीचा पाव खायला स्थानिक लोक तयार नाहीत, मग वाळलेल्या पावापासून आणि पुढे तुपा-साखरेपासून बिस्किटं निघाली. दंतकथेचा भाग त्यात किती, ते सोडू. नावातला 'नान' फारसी, आणि 'खताई'चा संबंध काही जण खता, म्हणजे उत्तर चीनशी जोडतात. पण पदार्थाकडे नीट पाहिलं तर तो का चालला हे कळतं. यीस्ट नाही, ताडी नाही, अंडं नाही. मैदा, तूप, पिठीसाखर, वर वेलदोडा-जायफळ. पावाची बाधा नानकटाईनं अगदी सुंठेवाचून घालवली, असं माझं मत आहे. भट्टी तीच राहिली, फक्त आतला माल सोवळ्यात बसणारा झाला.

आमच्या भागात भट्टी कुठून कशी पसरली याचे दोन धागे दिसतात. १८२९ च्या तहानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं आणि मालकम पेठ वसली. साहेबांमागोमाग पाव, केक भाजणारी माणसंही घाट चढली असणार, हे ओघानंच आलं. दुसरा धागा मिरजेचा. विल्यम वानलेस या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरांनी तिथे १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं आणि त्याभोवती ख्रिस्ती वस्ती वाढली. माझी शाळेतली मैत्रीण त्याच वस्तीतली. तिच्याकडून नाताळला जे ताट यायचं त्यात केकचे दोन तुकडे असत आणि बाकी सगळं करंज्या, चकल्या, शंकरपाळे. आईचं ताट दिवाळीत जायचं, त्यांचं दीड-दोन महिन्यांनी परत यायचं, आणि रिकामं कुणीच पाठवत नसे.

खरी धमाल होती ती दिवाळीआधीच्या भट्टीची. घरचा मैदा, घरची साखर, डालडा, आणि पत्र्याचे रिकामे डबे घेऊन बेकरीवर नंबर लावायचा. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि नानकटाई तुपाच्या घरांबाहेर पडून सगळ्यांची झाली. बेकरीवाला किलोवर मजुरी घ्यायचा. पत्रे आत जायचे, बाहेर यायचे, आपला माल दुसऱ्याच्या मालात जाऊ नये म्हणून कुणीतरी मूल पहाऱ्याला बसवलेलं असायचं. ते मूल बहुधा मीच. रात्री अकराला गरम डबा मांडीवर घेऊन रिक्षातून घरी.

मग कर्नाटकातल्या हासनकडच्या अय्यंगारांच्या बेकऱ्या गावोगावी निघाल्या, अंड्याशिवायचा केक आला, आणि उरलासुरला संकोच गेला. घरात आधी आला काचेच्या झाकणाचा गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन. त्याला तापमानाचा काटा नसे, अंदाजपंचे कारभार. ओटीजीनं तो काटा दिला. मसालेदार कुकीला तो लागतोच, कारण गुळाचं पीठ साखरेपेक्षा लवकर काळं पडतं. १६० ते १७० अंशांच्या वर गेलं की कडा कडू. माझा पहिला घाणा २०० अंशांवर गेला होता. त्यात डब्यांची अदलाबदल होऊन सुंठेऐवजी गरम मसाला पडलेला, म्हणजे जिरं, तमालपत्र आणि काय काय. ती बिस्किटं चहाबरोबर नाही, पण आमटीबरोबर चालली असती.

आता बरं जमतं. दोन वाट्या कणीक-मैदा मिळून, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी लोणी, दोन चमचे सुंठ, चमचाभर दालचिनी, लवंगा चार, जायफळ सहाणेवर दहा वळसे, पाव चमचा सोडा, लागलं तर दूध. तासभर फ्रिजमध्ये ठेवून लाटायचं. सुंठ विकतची पूड नको. अख्खी आणून खलात कुटावी, दोरे चाळून टाकावेत. तासगावचे बेदाणे बारीक चिरून घातले तर मला आवडतं, मुलांना नाही.

गेल्या नाताळात ओटीजी बंद पडला आणि चार किलो पीठ मळलेलं. शेवटी नेलं कोपऱ्यावरच्या बेकरीत, जिथे अजून विटांची लाकडावरची भट्टी आहे. चाचांनी पिठाचा गोळा नाकाशी धरला. "वहिनी, ह्यात काढा घातलाय का काय?" म्हणाले. मग पत्रे बाजूला ठेवून दिले. आधी पाव जाईल, मग खारी, मग नानकटाई. गुळाचा माल सगळ्यांत शेवटी, भट्टी उतरल्यावर. न्यूरेंबर्गच्या भट्टीवाल्यांबद्दल मी त्यांना काही बोलले नव्हते. विटांच्या भट्टीत असला माल तिकडेही पावानंतरच, उतरत्या आचेवर जायचा. साडेदहाला त्यांनी झाकण सरकवलं, हात आत घालून आच जोखली आणि म्हणाले, "आणा आता."