कुत्र्यांचा कच्चा मांसाहार

कुत्र्याला न शिजवलेले स्नायुमांस, यकृत व हृदयासारखे अवयव आणि मांसल हाडे देण्याची आहारपद्धती. काही मांडण्यांत अंडी, भाज्या व फळेही थोड्या प्रमाणात येतात. धान्य बहुधा वगळले जाते. ‘बार्फ’ (इंग्रजी ‘बोन्स अँड रॉ फूड’चे संक्षिप्त रूप) या नावानेही ही पद्धती ओळखली जाते.

उगम व त्याविषयीचा वाद : शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना आणि बर्फाळ प्रदेशात गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना कच्चे मांस घालण्याची चाल जुनी आहे. लंडनमध्ये १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅटने कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला काढली व तयार खाद्याचा व्यवसाय सुरू झाला. या खाद्याविरुद्धची भूमिका ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, आणि आजची पद्धती बव्हंशी तेथूनच पसरली.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्याने त्याचा आहारही लांडग्याचाच असावा, हा या पक्षाचा मुख्य आधार. वंशाचा भाग निर्विवाद आहे, मात्र कुत्रा लांडग्यापासून केव्हा वेगळा झाला याविषयी मतभेद आहेत. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथील सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे अवशेष कुत्र्याचेच, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. ३०,००० वर्षांहून जुने म्हणून सांगितले जाणारे अवशेष वादग्रस्त आहेत. आहाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा पुरावा जनुकांचा आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की स्वादुपिंडात स्टार्च पचवणारे अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३०. या वाढीचा संबंध शेतीच्या प्रसाराशी असावा, असे नंतरच्या अभ्यासांवरून दिसते. शेतीपासून दूर राहिलेल्या ऑस्ट्रेलियातील डिंगो या रानटी कुत्र्यामध्ये बहुधा दोनच प्रती आढळतात. तेव्हा भातशेतीच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या पेजेवर व शितावर जगलेल्या गोव्यातील गावठी कुत्र्याला लांडग्याच्या मापाने मोजणे सयुक्तिक वाटत नाही. उलट, कुत्रा पूर्ण शाकाहारी होऊ पाहतो असाही अर्थ यातून निघत नाही. त्याची दाढांची रचना व आखूड आतडे आजही मांस खाणाऱ्या प्राण्याचेच आहे.

अमेरिकी डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात मांजरांवर केलेल्या प्रयोगांचा दाखलाही वारंवार दिला जातो. शिजवलेल्या मांसावरची मांजरे पिढीगणिक खालावत गेली, हे निरीक्षण होते. त्याचे एक कारण टॉरिन या ॲमिनो आम्लाची कमतरता असावे, असे आता मानले जाते. कुत्र्याचे शरीर मेथिओनिन व सिस्टीन या ॲमिनो आम्लांपासून टॉरिन स्वतः तयार करते, त्यामुळे हा दाखला त्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

पोषणमूल्य : मांसातील प्रथिनांत कुत्र्याला लागणारी दहाही अत्यावश्यक ॲमिनो आम्ले मिळतात आणि ती सहज पचतात. अमेरिकी मानकांनुसार शुष्क वजनाच्या प्रमाणात प्रौढ कुत्र्याला किमान १८% व वाढत्या पिलाला २२.५% प्रथिन हवे. नुसत्या भातावर ही गरज भागत नाही, त्यामुळे अशा कुत्र्याला मांस मिळू लागले की त्याची तब्येत सुधारते. कच्च्या मांसाच्या आहारात मळाचे प्रमाण घटते व प्रथिने अधिक पचतात, असे अभ्यास आहेत. बीगल कुत्र्यांना गुरांची कच्ची हाडे चघळायला दिल्यावर दातांवरचे कीटण घटल्याचेही दिसले. मात्र टणक हाडाने दाढ तुटण्याचा धोका राहतो. यांपैकी बरेचसे लाभ मांसाचे आहेत, कच्चेपणाचे नव्हेत. हा भेद न केल्यामुळे चर्चा भरकटते.

सर्वांत गंभीर उणीव कॅल्शियमची. १०० ग्रॅम बिनहाडी मांसात फॉस्फरस सुमारे २०० मिग्रॅ., तर कॅल्शियम जेमतेम १० मिग्रॅ. असते. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण १:१ ते २:१ असावे लागते. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिलांत गळ्यातील परावटू ग्रंथी हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढते. हाडे ठिसूळ होऊन पाय वाकतात, कधी सहज मोडतात. प्रेमाने, महागडे मटण घालून वाढवलेल्या पिलाचेच हे हाल व्हावेत, ही खरोखर वाईट गोष्ट आहे, आणि ती टाळता येते. अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीत सुमारे ३८% कॅल्शियम असते. मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी. यकृत अतिरेकाने दिल्यास अ जीवनसत्त्वाची बाधा होते.

रोगजंतू व परजीवी : साल्मोनेला, लिस्टेरिया व ई. कोलाय हे मुख्य जंतू. घरच्या फ्रीझरमध्ये ते मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. कुत्रा स्वतः धडधाकट दिसत असतानाही त्याच्या मळातून साल्मोनेला घरात पसरू शकतो. अमेरिकी पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या मांसाविरुद्ध धोरण स्वीकारले ते मुख्यतः याच कारणाने. कत्तलीतील कच्चे यकृत किंवा फुप्फुस खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुप्फुसात द्रवाने भरलेल्या गाठी होतात (हायडॅटिड रोग). कुत्र्यासाठी प्राझिक्वांटेल हे औषध गुणकारी आहे.

गोव्यातील स्थिती : उसगावच्या गोवा मीट कॉम्प्लेक्समध्ये कत्तलीची शासकीय व्यवस्था आहे. अंगणात कापलेल्या डुकराचे किंवा कोंबडीचे टाकाऊ अवयव मात्र तपासणीविनाच कुत्र्यासमोर जातात. पावसाळ्यातील दमट उकाड्यात उघडे मांस तासाभरात धोकादायक होऊ शकते. या हवामानात मांस वाफवून, हाडे काढून, भाताबरोबर व कॅल्शियमची भर घालून देणे अधिक इष्ट.

मासळीचा विचार वेगळा करावा लागतो. तारली ओमेगा-३ मेदाम्लांनी समृद्ध आहे. परंतु तिच्या कुळातील काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे थायमिनेज असते. शिजवल्यावर ते निष्क्रिय होते. बांगड्याची डोकी उकडून, काटे वेचून द्यावीत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात घरोघरी सुकी मासळी निघते; खारवलेली मासळी कुत्र्याला देऊ नये, बिनमिठाची सुकवलेली असल्यास भिजवून व शिजवून चालते.